माझ्या चिठ्ठीवरची गोळी

कळसाडी, ता. शहादा
२ डिसेंबर २०२४, सोमवार

चि. रुचिका,

काकूचा आशीर्वाद. तू नाशिकला बरी असशील, बँकेत कामाचा ताण असेल आणि दुपारचा डबा चार वाजता उघडत असशील, असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. मलाही फोनवर कुठे बोलता येतं? दोन वाक्यं झाली की मीच ‘बरं, ठेवते’ म्हणते. एकतीस वर्षं पोरांकडून पत्रलेखन करून घेतलं, तेव्हा म्हटलं, एक आपणही लिहून पाहावं.

इकडे सगळं चालू आहे. कापसाची तिसरी वेचणी निम्मी झाली. उसाला अजून तोड लागलेली नाही, त्यामुळे तुझे आप्पा दिवसभर फोन कानाला लावून फिरतात. थंडी बऱ्यापैकी पडली आहे. सकाळी पोरं शाळेत येतात ती कान बांधून, आणि मी मात्र वर्गात पंखा लावते. ती माझ्याकडे बघतात, मी फळ्याकडे बघते. पाच वर्षं हार्मोनची गोळी घेत होते, ती एप्रिलमध्ये बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही, आपली आपण केली. तेव्हापासून पुन्हा तेच, छातीपासून कानापर्यंत आग चढते आणि पाच मिनिटांत पदर ओला होतो. झोप नाही. असो. हे सगळ्याच बायकांचं आहे.

तुझी आई, आमची जिजी, बरी आहे. दिवाळीत तू पाहिलीस त्याहून थोडी बरी म्हण. उजवा पाय ओढत, धरून धरून ओट्यापर्यंत येते. हात अजून मांडीवर पडलेलाच असतो. दहाच्या सुमारास ऊन आलं की तुझा भाऊ हेमकांत तिला खुर्चीत बसवतो, हातात रबरी चेंडू देतो आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवतो. तू समोर असतीस तर तुला वाटलं असतं, लहान पोराला बाराखडी शिकवतोय. शब्द मोजके आहेत. पाणी, नही, बठ, माय. परवा भाविकाने ताट वाढलं तर जिजी म्हणाली, ‘मीठ’. भाजी खरंच अळणी होती. भाविका सून असून पोरीसारखी रडायला लागली.

संक्रांतीला येऊन आईला नाशिकला घेऊन जाणार, असं तू आप्पांना कळवलंस. ‘तिथे तिची गोळी आणायलाही कुणाला वेळ नाही,’ असंही म्हणालीस. आप्पांनी ते जसंच्या तसं घरात सांगितलं. हेमकांत तेव्हा आईचे केस विंचरत होता. त्याने वेणी घातली, रिबिन बांधली आणि शेतात निघून गेला.

रुचिका, तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या गोळ्यांच्या खुणा करतो. एप्रिलपासूनची पानं मी पाहिली आहेत, एकही चौकोन रिकामा नाही. मोबाइलला घंटा लावलेली असते. वाजली की असेल तिथून मोटारसायकलवर येतो, गोळी देतो, परत जातो. घरात बोलत नाही. भाविका म्हणते, विचारलं तर हो-नाही करतो, बस.

जे झालं त्यात त्याचा दोष होता असं मला वाटत नाही. वाटत नाही म्हणजे, मला तसं म्हणायचं आहे की. जाऊ दे. मला नीट लिहिता येत नाहीये.

जिजीला हे घर, हा ओटा सोडून करमेल का, तेवढा विचार कर. ती बोलू शकत नाही, म्हणून तिच्या वतीने लिहिलं.

जेवत जा.

तुझी,
रुपा काकू


कळसाडी
५ जानेवारी २०२५, रविवार

रुचिका,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. ते परतही आलं नाही, म्हणजे तुला मिळालं असेल. हे पत्र मी रविवारी शाळा उघडून, चौथीच्या वर्गात बसून लिहिते आहे. घरी दोनदा बसले आणि दोनदा उठले.

आधी आईचं सांगते, कारण भाविकाने फोनवर अर्धवट सांगितलं असणार. २७ तारखेला आंघोळ घालताना जिजीच्या कपड्यांवर रक्त दिसलं. पाळी जाऊन बारा वर्षं झालेल्या बाईच्या कपड्यांवर. भाविकाने आधी मला बोलावलं. मी बघितलं आणि कपडे भिजत घातले. ३० तारखेला हेमकांतने गाडी काढली आणि आम्ही तिघं नंदुरबारला बाई डॉक्टरांकडे गेलो. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड झालेलं दिसलं. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक साधं असेल, पण रिपोर्ट येईपर्यंत मी काहीच ठामपणे सांगणार नाही. म्हणून मीही सांगत नाही.

आता त्या खोलीत काय झालं ते. पण त्यासाठी मला दोन वर्षं मागे जावं लागेल.

तुला माहीत आहे, माझी पिशवी सत्तेचाळिसाव्या वर्षी काढली, दोन्ही अंडाशयांसकट. त्यानंतरची दोन वर्षं मी कशी काढली ते तू पाहिलं नाहीस, तू तेव्हा पुण्याला होतीस. वर्गात खडू हातातून सुटायचा. पोरांवर ओरडायचे आणि मग स्टाफरूममध्ये बसून रडायचे. नंदुरबारच्या या बाई डॉक्टरांनीच मला हार्मोनची गोळी सुरू केली. तीन महिन्यांत मी माणसात आले. त्या गोळीने मला माझी नोकरी परत दिली, असं मी सगळ्यांना सांगायचे.

तीन वर्षांनी रक्त तपासलं तर वाईट कोलेस्टेरॉल, जे एकशे अडुसष्ट होतं, ते एकशे शेहेचाळीस झालेलं. मी खूश होऊन विचारलं, हे गोळीमुळे का? डॉक्टर म्हणाल्या, ‘असू शकतं. पाळी गेली की बायकांचं कोलेस्टेरॉल चढतं, हार्मोन दिलं की थोडं उतरतं. पण रुपाताई, ही गोळी त्यासाठी नाही. कोलेस्टेरॉलसाठी मी ही कुणालाच देत नाही. ही तुमच्या चिठ्ठीवरची आहे, तुमच्यापुरती.’

मी पहिलं वाक्य घरी आणलं. बाकीचं तिथेच ठेवून आले.

त्याच हिवाळ्यात शहाद्याला तपासणी शिबिर झालं. जिजीचं कोलेस्टेरॉल दोनशे बासष्ट निघालं, बीपी तर आधीपासूनच होतं. तिथल्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली, रोज एक, बंद करायची नाही. महिनाभर तिने घेतली. मग एक दिवस दुपारी शेजारून माझ्या ओट्यावर येऊन पाय चेपत बसली होती. म्हणाली, ‘मन्हा पाय दिनभर ठणकतस वं, रुपा. या गोयीपायी मी कापूस येचू की घरमा बठू?’

मी तिला म्हणायला हवं होतं, जिजी, डॉक्टरांना दाखवू, ते बदलून देतील. शहादा काही लांब नाही. मी तसं म्हटलं नाही. मी आत गेले, माझा रिपोर्ट आणला आणि तिच्यापुढे धरला. आकड्यावर बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, माझं बघ, माझ्या गोळीने उतरलं, पायही दुखत नाहीत, उलट तरतरी येते. तुलाही पाळी गेल्यापासूनच चढलं असणार. ती गोळी सोड आणि ही घे.

तिने मागितली नव्हती. मी दिली.

का दिली, याचा मी नऊ महिने विचार करते आहे. प्रेमापोटी, असं लिहिलं तर ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मी या घरात आले तेव्हापासून जिजी सांगेल तसं घर चाललं. बी कोणतं पेरायचं, पाहुण्यांना काय करायचं, माझ्या ऑपरेशनला कोणत्या दवाखान्यात जायचं, तेसुद्धा. मला मूल झालं नाही तेव्हा लोकांची तोंडं तिनेच बंद केली. माझी बदली शहाद्याला होती तेव्हा पाचवीत तुला माझ्याकडे शिकायला पाठवलं, म्हणजे तिने तिची मुलगी मला अर्धी देऊन टाकली. मी तिला काय दिलं होतं? त्या दुपारी पहिल्यांदा असं झालं की मला काहीतरी माहीत होतं आणि तिला नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, ‘तू शिकेल शे, तुले समजस. मी घेसू.’ मला ते आवडलं, रुचिका. एवढंच होतं त्यात.

मेडिकलवाल्याने माझ्याच चिठ्ठीवर एकाऐवजी दोन पाकिटं द्यायला सुरुवात केली. कुणासाठी, ते त्याने विचारलं नाही. जिजीने हेमकांतला सांगून टाकलं की आता ती कोलेस्टेरॉलची गोळी आणू नको. का, ते सांगितलं नाही, कारण मीच म्हटलं होतं, कुणाला सांगू नकोस, उगाच चर्चा होते. आणि ही बायकांची गोळी, ती मुलाला काय सांगणार?

चौदा महिने तिने ती घेतली. मधे एकदा, गेल्या वर्षी फेब्रुवारीत, ती माझ्याकडे आली आणि हसत म्हणाली, ‘मन्हं परत चालू व्हयनं का काय, म्हातारपनमा?’ दोन दिवस थोडं लाल गेलं होतं. मला पिशवीच नाही, मला काय माहीत की पिशवी असलेल्या बाईला ही एकटी गोळी देत नाहीत, सोबत दुसरं औषध द्यावं लागतं. मी म्हटलं, होतं असं कधीकधी. शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं. तिने ऐकलं.

मग एप्रिल. ती चुलीपुढे कलंडली ते तुला माहीत आहे. तुला जे माहीत नाही ते असं. हेमकांत आणि आप्पा तिला घेऊन नंदुरबारला पुढे निघाले. मला म्हणाले, काकू, तिचे कपडे, कागद घेऊन मागून या. मी तिच्या खोलीत गेले. कपडे घेतले, शिबिराचा कागद घेतला. तिच्या लुगड्यांच्या घडीत ते पाकीट होतं, चार गोळ्या संपलेल्या. मी ते चुलीत टाकलं. चूल अजून पेटलेली होती, तिनेच पेटवलेली. लुगड्यांच्या त्याच घडीत कोलेस्टेरॉलच्या गोळीचं जुनं पाकीट होतं, ते मात्र मी पिशवीत घेतलं.

तेच पाकीट संध्याकाळी दवाखान्यात तुझ्या हाती लागलं. तू उलटसुलट करून तारीख बघितलीस आणि हेमकांतला विचारलंस, ‘ही शेवटची कधी आणली होतीस?’ तो म्हणाला, ‘आईच म्हणाली होती, आणू नको.’ तू म्हणालीस, ‘आई आता बोलू शकत नाही, म्हणून तिच्यावर ढकलतोस?’

मी दोन हातांवर उभी होते. माझ्या हातात चहाचा थर्मास होता. थोड्या वेळापूर्वी आत डॉक्टरांनी विचारलं होतं, पेशंट अजून कुठली औषधं घेत होत्या का. त्यांना मी नाही म्हणाले. तुला काही म्हणाले नाही. त्या दिवसानंतर हेमकांतने ते वाक्य पुन्हा एकदाही उच्चारलं नाही, आणि तू त्याच्याशी बोलणं टाकलंस.

आता ३० तारखेचं.

बाई डॉक्टरांनी विचारलं, ‘गेल्या एक-दोन वर्षांत यांना हार्मोनची गोळी चालू होती का? कुणी दिली होती का?’ हेमकांत म्हणाला, ‘नाही मॅडम. बीपीची होती. कोलेस्टेरॉलची होती, ती माझ्याकडून आणायची राहिली.’ त्याने हे इतक्या सरळ सांगितलं, जणू आपला पत्ता सांगावा. नऊ महिने ऐकून ऐकून त्याने ते मान्य करून टाकलं होतं.

जिजी चाकाच्या खुर्चीत होती. मी तिच्या डाव्या बाजूला. तिने तिच्या चांगल्या हाताने माझं मनगट धरलं, घट्ट, आणि डॉक्टरांकडे बघून म्हणाली, ‘नही.’ मग माझ्याकडे बघून परत, ‘नही, रुपा.’

तिला सगळं आठवत होतं. मला वाटायचं, त्या झटक्यात ते पुसलं गेलं असेल. काही पुसलं नव्हतं. शब्द नव्हते तेव्हाही तिच्यात ते होतं, आणि शब्द आले तेव्हा तिने त्यातला एक मला झाकायला वापरला.

मी तिचा हात सोडवला आणि म्हणाले, ‘हो, घेत होत्या. माझ्या चिठ्ठीवरची. मी दिली, चौदा महिने, कोलेस्टेरॉलची सोडायला लावून.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दमलेल्या आवाजात म्हणाल्या, ‘एप्रिलमध्ये सांगितलं होतं का, तिथल्या डॉक्टरांना?’ मी नाही म्हटलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं. मी विचारलं, ‘लकवा गोळीमुळेच झाला का?’ त्या म्हणाल्या, ‘ते मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. यांचं बीपी होतं, कोलेस्टेरॉल होतं, वय होतं. पाळी जाऊन दहा वर्षं उलटल्यावर ही गोळी नव्याने सुरू केली की रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. तिने किती भर घातली, ते मोजता येत नाही. पण जी घ्यायची ती बंद झाली आणि जी घ्यायची नव्हती ती सुरू झाली. दोन्ही एकाच दिवशी.’

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘आणि तुम्ही तुमची अशी एकदम बंद का केलीत? तुमच्यासाठी ती बरोबर होती.’ मी घेत राहावं आणि ती तशी पडून राहावी, हे जमेना, एवढंच. पण तसं करून तिचं काय भलं झालं?

येताना प्रकाशा गावचा तापीवरचा पूल ओलांडल्यावर हेमकांतने गाडी बाजूला घेतली. उतरला, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. मला वाटलं, आता हा मला इथेच उतरवेल, आणि ते मला चाललं असतं. तो खिडकीशी आला. म्हणाला, ‘काकू, मायनीच मले सांगेल व्हतं ना, आणू नको म्हनीसन? मले आते मन्हंच खरं वाटत नव्हतं.’

मी म्हटलं, तिनेच सांगितलं होतं, मी शेजारी होते. तो ‘बरं’ म्हणाला आणि गाडी चालू केली. मागे जिजी डोळे मिटून बसली होती. झोपलेली नव्हती.

रुचिका, माझ्या गोळीने तुझ्या आईचं काय केलं, ते डॉक्टरांनाही मोजता येत नाही. माझ्या गप्प बसण्याने तुझ्या भावाचं काय केलं, ते मला मोजता येतं. त्याला स्वतःच्या कानांनी ऐकलेलं खोटं वाटायला लागलं होतं. मी का बोलले नाही, ते एका ओळीचं आहे. तू मला टाकशील, ही भीती. म्हणून मी तुला त्याला टाकू दिलं.

आप्पांना आणि तुझ्या काकांना परवा जेवताना सांगितलं. आप्पा ताट सरकवून उठले, अजून माझ्याशी बोललेले नाहीत. काका म्हणाले, लिहून टाक पोरीला. म्हणून लिहिलं.

मला फोन करू नकोस. त्याला कर. आईला न्यायचं की नाही, ते त्यानंतर ठरव.

रुपा काकू


कळसाडी
२ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. रुचिका,

रिपोर्टची प्रत हेमकांतने तुला मोबाइलवर पाठवली आहेच. कॅन्सर नाही. अस्तराची वाढ आहे, त्यावर इलाज सुरू झाला आहे, सहा महिन्यांनी परत तपासायचं. कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, दुसऱ्या जातीची आहे. दोन आठवडे झाले, जिजीचे पाय दुखत नाहीत. इतकं सोपं होतं ते.

माझंही दाखवून आले. डॉक्टरांनी गोळीऐवजी कातडीला लावायचं जेल दिलं आहे, कमी प्रमाणात, वर्षाने परत ठरवू म्हणाल्या. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, शिक्षा म्हणून औषध बंद करणं माझ्या पुस्तकात नाही. पंखा बंद झाला आहे. झोप अजून नाही.

संक्रांतीला तू आलीस, दोन दिवस राहिलीस. मी माझ्या ओट्यावरून पाहत होते. तू आणि हेमकांत आईच्या खुर्चीच्या दोन बाजूंना बसला होतात. बोलताना फारसे दिसला नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याच्या हातातून फणी घेतलीस आणि तो हसला. नऊ महिन्यांत मी त्याचे दात पाहिले नव्हते. आईला इथेच ठेवायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, हे भाविकाने सांगितलं. तू माझ्या घरी आली नाहीस. मी अपेक्षा केली नव्हती, तरी चहाचं पाणी दोनदा ठेवलं.

जाताना तू फाटकापाशी थांबलीस. मी पायरीवर होते. तू विचारलंस, ‘ते पाकीट चुलीत टाकताना तुला काहीच वाटलं नाही, काकू?’ तेवढ्यात तुझी गाडी आली. तू उत्तरासाठी थांबली नव्हतीस, तरी ते द्यायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र.

वाटलं. सुटल्यासारखं वाटलं.

जिजी गाडीत होती, जिवंत राहील की नाही ते माहीत नव्हतं, आणि ते चांदीच्या रंगाचं पाकीट काळं होऊन वळलं तेव्हा मला हलकं वाटलं. तेवढ्या एका क्षणी मला ती आठवत नव्हती. फक्त मी आठवत होते. गोळी देणं ही माझी चूक होती, तिच्यात माझं थोडं तरी प्रेम होतं. त्या क्षणात प्रेम नव्हतं. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, तुझ्या काकांनाही नाही. तू विचारलंस म्हणून तुला.

मी जिजीला विचारलं की तू डॉक्टरांपुढे ‘नही’ का म्हणालीस. तीन-चार दिवस लागोपाठ विचारलं. आधी ती मान फिरवायची. परवा शेवटी शब्द जुळवत म्हणाली, ‘रुची... तुन्ही बी.’ रुची माझीही आहे, ती मला तुटू नये, म्हणून म्हणाली ती तसं. माझी बाजू मजबूत करायला मी हे लिहीत नाही. ते तिचं मत आहे. तुझं तुला वेगळं ठेवता येतं, आणि मला ते समजेल.

एक शेवटचं. मंगळवारी संध्याकाळी मी नेहमीसारखी त्यांच्याकडे डोकावले, दारातूनच. आप्पा समोर होते, त्यांनी पेपर खाली केला नाही. जिजीने जेवण झाल्यावर हेमकांतच्या हातातली गोळी घेतली नाही. तोंड मिटून बसली. त्याने दोनदा धरली, तिने दोनदा डाव्या हाताने बाजूला केली आणि माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, नाही जिजी, माझ्या हातून नाही. ती बोट खाली घेईना. आप्पा पेपरामागून म्हणाले, ‘देई दे ना. ती बठेल शे तशीच.’ एक महिन्यात त्यांचं माझ्याशी हे पहिलं बोलणं.

हेमकांतने पाकीट माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावला, पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचलं, डॉक्टरांचा कागद शेजारी धरून तेच नाव त्यावर आहे का ते पाहिलं, तारीख पाहिली, आणि हेमकांतला विचारलं, ‘हीच ना?’ तो म्हणाला, ‘हीच.’ मग मी ती तिच्या तळहातावर ठेवली. तिने घेतली. पाणी प्यायली. हेमकांतने कॅलेंडरवर खूण केली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला मी जाते. वाचते, विचारते, देते. तू इथे असतीस तर मी तुलाही विचारलं असतं, हीच ना, म्हणून.

उत्तर पाठव किंवा नको पाठवू. आईला भेटायला येत जा, भावाशी बोलत राहा. मी शेजारच्या घरात आहे आणि राहणार आहे.

जिने दिली आणि जिने लपवलं ती,
रुपा